पाठराखीण

"वजीऽऽर!" अशी बजरंगनं हाक मारली आणि माळाच्या पार त्या टोकाकडनं त्याचा नर सुटला. कारवानी कुत्रं धावताना ज्यानं पाहिलं नाही त्याला काय सांगायचं? पोट पाठीला लागलेलं, मान पुढं ताणलेली, पाय भुईला टेकतात की नुसते तिला चिडवून जातात ते कळू नये. जत्रेतली माणसं हातातली भजी हातातच धरून बघत राहिली. त्या दिवशी बिरोबाच्या माळावर कारवानी कुत्र्यांचं प्रदर्शन होतं, आणि वजीर पहिला आला म्हणून बजरंगच्या डोक्यावर भगवा फेटा चढला होता.

बजरंग, माझा धाकटा भाऊ, पालाच्या तोंडाशी हात पसरून उभा होता. मधे एक रिकामी ट्रॉली तेवढी होती. आंधळ्यालाही चुकवता यावी एवढी मोठी. वजीर सरळ येऊन तिच्या फाळक्यावर आदळला.

आवाज असा झाला की माझ्या हातातलं पातेलं सुटलं.

"नजर! नजर लागली!" म्हाळू सरगर ओरडला. हा म्हाळू आमच्या सोनमाळचाच, मेंढरंवाला. कुठलीही गोष्ट त्याच्या तोंडातनं एकदा गावभर फिरल्याशिवाय खरी होत नसे. "सकाळपास्नं लोकं बगत्यात त्याच्याकडं. मीठ-मिरच्या उतरा आदी!"

"तुझीच लागली असंल," मी म्हणाले. "कालपास्नं तूच जिभल्या चाटत फिरतोयस."

वजीर धडपडून उठला. कपाळ फुटून रक्त नाकावर आलं होतं. उठला तो भलतीकडंच तोंड करून शेपूट हलवायला लागला. बजरंग पुढ्यात येऊन बोलला तेव्हा कुठं त्यानं मान आवाजाकडं वळवली. सगळे रक्त बघत होते. मी ती वळलेली मान बघत होते.

बत्त्या एकेक करून लागत होत्या. म्हाळूनं इकडंतिकडं पाहिलं. "आबा कुठं गेलं? गेलं व्हय पालात? वैनी, जत्रंत तरी नवऱ्याला मोकळं सोडा की! दिवं लागायच्या आत आत म्हंजे आत. असला धाक फौजदाराचाबी न्हाई."

लोक हसले. माझे मालक, धोंडिराम आबा, दिवस मावळायच्या आत घरी येतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. भजन असो, पंगत असो, नाहीतर निवडणुकीची बैठक. बायकोला भितात. दोघं कुठनं उशिरा परतलो तर मी पुढं, ते माझ्या मागं, आणि वाटभर माझी बडबड. हौसाक्काच्या तोंडाचा पट्टा सुटला की वाटेवरचे चोरसुद्धा पळून जातात, अशी सोनमाळला म्हणच पडली होती.

"भितात तर भितात," मी म्हणाले. "तुझी बायको तुला भिती, म्हणून तर दोनदा माहेरी पळाली."

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. पण तो आवाज, लोखंडावर डोकं आपटल्याचा, अजून कानात आहे.

जनावरांचे डॉक्टर मुजावर जत्रेतच होते. कारवानी पाळणाऱ्यांचं एक मंडळ काढायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून ते दोन दिवस पालापालातनं फिरत होते. त्यांनी वजीरची जखम धुतली, टाका घातला, आणि मग बॅटरीचा उजेड त्याच्या डोळ्यात टाकून बराच वेळ बघत बसले.

"बजरंगराव, हा संध्याकाळी अडखळतो का?"

"माझा वजीर? अडखळतोय?" बजरंग फेटा सावरत म्हणाला. "सकाळी पळताना तुमी बगितला न्हाई?"

"सकाळी पळेल. उजेडात पळेल. हा रातांधळेपणा आहे. पुढं दिवसाही दिसेनासं होईल. याला औषध नाही, हे रक्तातून येतं."

"रक्तातनं?" बजरंग उभाच राहिला. "आमच्या हळदगीच्या कुत्र्यांचं रक्त? डॉक्टर, तुमी नवीन हाय म्हणून ऐकून घेतलं. आमच्या दारात कवा भावकीतली सोयरीक झाली न्हाई, माणसाची न्हाई आन् कुत्र्याचीबी न्हाई."

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "उद्या सभेला या. तिथं बोलू."

ते गेल्यावर बजरंग माझ्या चुलीपुढं येऊन बसला. मी त्याला चहा दिला. चहा त्यानं तसाच ठेवला.

"आक्का, कस्तुरी माजावर हाय न्हवं?"

कस्तुरी माझी मादी. खुंट्याला बांधली होती, आणि सकाळपासनं जत्रेतले सगळे नर त्या खुंट्याकडं तोंड करून रडत होते.

"हाय."

"उद्या सभा झाली की वजीरला लावू. समद्यांच्या म्होरं. म्हंजे हे रक्त-बिक्त बोलणाऱ्यांची तोंडं बंद. आन् त्याच घटकेला उत्तम-शैलाचा नारळबी देऊन टाकू. समदी जमलीतच."

उत्तम माझा मुलगा, शैला बजरंगची मुलगी. शैला पाळण्यात होती तेव्हाच मी शब्द दिला होता: ही माझी सून. आमच्याकडं मामाची मुलगी हक्काची. मी स्वतः आत्याच्या घरी सून म्हणून आले. माझ्या आत्याची सासूही हळदगीचीच होती. तीन पिढ्या हळदगीच्या मुलीच सोनमाळच्या या उंबऱ्यावर माप ओलांडत आल्या, आणि त्याचा आम्हाला ताठा होता.

आणि प्रत्येकीबरोबर एक मादी. ही आमच्या हळदगीची रीत. कारवानी मादी विकायची नाही, लेकीबरोबर द्यायची. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून एखादी म्हातारी जाते ना, तशी आमच्याकडं कुत्री जायची. तिचीही ओटी भरायची, गळ्यात खोबऱ्याची वाटी बांधायची. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि त्यातलं एक पिल्लू माहेराला ठेवायचं. सासरी गेली की तिचंही नाव बदलायचं. माझं माहेरचं नाव चंपा. इथं आले आणि हौसा झाले. माझ्याबरोबर आली ती हरणी. इथं तिची साळू झाली.

"बोल की आक्का," बजरंग म्हणाला. "गप का?"

"बगू उद्या," मी म्हणाले.

"बगू म्हंजे? तू शब्द दिलायस."

"शब्द दिलाय, कान न्हाई दिलं. डॉक्टर काय म्हणतोय ते ऐकू तर दे."

तो चहा न पिताच उठला.

पालात मालक बत्तीच्या अगदी बुडाशी बसले होते. मी भाकरी हातात दिली.

"कशाला धडकला वजीर?"

"ट्रॉलीला."

"कवा?"

"बत्त्या लागताना."

त्यांनी घास तोंडाशी नेला आणि तसाच ताटात ठेवला. मग विचारलं, "शैला आलीया का जत्रंला?"

"न्हाई. घरीच हाय."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बत्ती जराशी मोठी केली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर देवळापुढच्या लिंबाखाली सभा बसली. खुर्ची एकच, तिच्यात अध्यक्ष म्हणून इनामदार काका. बाकी सगळे सतरंजीवर, आपापल्या कुत्र्याची साखळी धरून. बायामाणसांना कुणी बोलावलं नव्हतं. मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. बिरोबाची पायरी आहे, कुणाच्या बापाची नाही. कस्तुरीला पालातच बांधून आले होते, नाहीतर सभा तिथंच मोडली असती.

डॉक्टर एकेक नियम सांगत होते आणि इनामदार काका "मंजूर?" म्हणून विचारत होते.

"मादी पहिल्या माजाला लावायची नाही. एकदा व्याली की मधे एक माज सोडायचा. तिला विसावा पाहिजे."

"विसावा?" मागनं कुणीतरी म्हणालं. "कुत्रीला कसला आलाय विसावा?"

"ज्याच्या घरात दरसाल पाळणा हलतोय त्यानं हात वर करा," मी पायरीवरनं म्हणाले, "म्हंजे इचारणारा कोण ते कळंल."

खसखस पिकली. नियम मंजूर झाला.

"पिल्लू आईचं दूध सुटेपर्यंत कुणाला द्यायचं नाही."

मंजूर.

"अंगावर पांढरं निघालं, ठिपका निघाला, म्हणून पिल्लू मारायचं नाही. रंगानं कुत्रं वाईट होत नाही."

जरा कुरकुर झाली. पांढऱ्या पायाचं पिल्लू निघालं की ओढ्यात सोडणारे दोघं-तिघं तिथंच बसले होते. पण देवळापुढं बसून ते बोलणार कुठल्या तोंडानं? मंजूर.

मी उठले. "काका, माझा एक नियम घाला. ज्या कुत्र्याला दिसंनासं झालं, ते माळावर नेऊन सोडायचं न्हाई. त्याच दारात, त्याच भाकरीवर मरंपतूर ठेवायचं."

इनामदार काकांनी चष्म्यावरनं पाहिलं. "हौसाक्का, आंधळ्या कुत्र्याचा उपयोग काय?"

"उपयोग तुमचा तरी काय राहिलाय, काका? पर सुना भाकरी देत्यात न्हवं?"

म्हाळू सतरंजीवर आडवा होऊन हसला. काकाही हसले, म्हणाले, घाला. मालक लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले होते. ते हसले नाहीत. माझ्याकडं बघत होते. अजून ऊन होतं, त्यांना मी दिसत होते.

मग डॉक्टरांनी शेवटचा नियम काढला. नर-मादी लावायच्या आधी दोन्हीचे डोळे तपासायचे. आणि आईकडनं नि बापाकडनं, दोन्हीकडनं, तीन पिढ्यांत नातं निघालं तर ती जोडी लावायची नाही.

सभा एकदम सैल झाली. हा आपल्याला लागूच नाही, अशा तोंडानं सगळे बघायला लागले.

"डॉक्टर, भावकीत आमी देतच न्हाई," म्हाळू म्हणाला. "बापाकडनं एक असली तर भाऊ-बहीण झाली की ती!"

"आणि आईकडून एक असली तर?"

"आईकडनं म्हंजे मामाचं घर! मामाच्या घरची तर हक्काची!"

पुन्हा हशा. डॉक्टर हसले नाहीत. "हक्क माणसांनी केले हो. रक्ताला आईकडचं नि बापाकडचं सारखंच."

कुणी ऐकलं नाही. बजरंग उठला. कालचा फेटा आजही डोक्यावर होता, वजीरच्या कपाळावर पट्टी होती. "इनामदार काका, हळदगीची वंशावळ ऐकायची तर ऐका. वजीरचा बाप सर्जा. सर्जाचा बाप भैरू. भैरूचा बाप वाघ्या. वाघ्याचा बाप बुलबुल्या. एक नर भावकीतल्या मादीवर गेला न्हाई. असलं रक्त नासलंय म्हणतोय हा डॉक्टर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळ तिथंच मोडत होतं. डॉक्टर खाली बघत होते. आता हा नियम गेला की वजीर आजपासनं गावोगावच्या माद्यांवर फिरणार होता. पहिला आलेला नर तो. आणि दहा वर्षांनी या माळावर संध्याकाळी धडकत फिरणारी कुत्रीच तेवढी राहिली असती.

"आन् आई?" मी विचारलं.

बजरंग वळला. "काय?"

"बाप समदं सांगितलंस. पोट कुणाचं होतं? वजीर काय सर्जाच्या शेपटीतनं पडला? त्याच्या आईची आई कोण?"

"चिमणी."

"चिमणी कुणाची?"

तो अडला. "चिमणी... आपल्या दारातलीच की."

"तुझ्या दारात वाढली. जन्मली माझ्या साळूच्या पोटी, पहिल्या बाळंतपणाला साळू माहेरी आली तवा. रीतीपरमाणं एक पिल्लू तू ठिवून घेतलंस. तीच चिमणी. आन् साळू कोण?"

मी म्हाळूकडं वळले.

"म्हाळू, तुझा बाण्या कुणाच्या पोटचा?"

"बाण्याची आई... ती न्हाई का, तांबडी... वैनी, तुमीच दिली होती."

"मीच दिली होती. साळूची लेक. काका, तुमचा मोहन? साळूच्या नातीचा. माझी कस्तुरी? साळूच्या दुसऱ्या नातीची. वजीरच्या बापाची, सर्जाची आई कोण? साळूची सख्खी बहीण. आन् बहीण तुमच्या ध्यानात राहणार कशी? नर तेवढं मोजता तुमी. मादी दुसऱ्या दारात गेली की तिचं नाव बदलता, आन् नाव बदललं की तिचं माहेर मेलं! ह्या सतरंजीवर बसलेली निम्मी कुत्री एका पोटची हायती, आन् तुमी म्हणताय सोयरीक लांबची!"

साखळ्या धरलेले हात कुत्र्यांकडं वळले. जो तो आपल्या कुत्र्याचं तोंड बघायला लागला, पहिल्यांदाच बघितल्यासारखं.

"साळू म्हंजे आमची हरणी," बजरंग हळूच म्हणाला. त्याला आता आठवत होतं. "तुझ्याबरबर दिलेली."

"तीच. माझी पाठराखीण. दिवेलागण झाली की ती उंबऱ्याभाईर पाऊल टाकत न्हवती. आठवतंय? सासूबाई म्हणायच्या, कुत्री किती घरंदाज हाय बघा. घरंदाज!"

डॉक्टरांनी मान वर केली. "म्हणजे तिलाही..."

"तिलाबी दिसत न्हवतं, डॉक्टर. तिच्या पोटानं समद्यांना दिलं. दोष माझ्या माहेरचा हाय, माझ्या दारातनं पसरलाय, आन् मीच सांगतीय. घाला तुमचा नियम."

बजरंगचा चेहरा काळानिळा झाला. लोकांसमोर, फेटा डोक्यावर असताना, सख्ख्या बहिणीनं माहेराला बट्टा लावला होता. तो सतरंजी ओलांडून पायरीपाशी आला.

"झालं समाधान? माहेराचं वाटोळं करून झालं? मग आता माझंबी ऐक. तू आत्याच्या घरात आलीस. आत्याबी तशीच आली, तिची सासूबी तशीच आली. उत्तमला माझी शैला ठरलीया. सांग की ह्या लोकांना, कुत्र्याचा नियम माणसाला लावणार हाईस का? लावणार नसलीस तर हितनं तोंड बंद करून पालात जा!"

सगळी सभा माझ्याकडं वळली. दिवस कलला होता. लिंबाची सावली देवळाच्या भिंतीवर चढून तिथंच विरली होती.

मला कुणी कधी गप्प केलं नव्हतं. सासूनं नाही, सरपंचानं नाही. त्या घटकेला मी गप्प राहिले. हो म्हणायचं तर का हो, ते सांगावं लागलं असतं. आणि ते सांगायचा हक्क माझा नव्हता. माझ्या घराच्या त्या कवाडाला मी इतकी वर्षं पाठ लावून उभी होते. बजरंगला वाटलं, त्यानं जिंकलं.

"बगा!" तो लोकांकडं वळला. "बोलती बंद!"

"बजरंग," लिंबाखालनं आवाज आला.

मालक उठत होते. एक हात बुंध्यावर ठेवून.

"बसा खाली," मी म्हणाले.

"न्हाई."

"म्हणते ना, बसा!"

लग्न झाल्यापासनं त्यांनी माझं ऐकलं नाही असा तो एकच दिवस. ते बुंधा सोडून दोन पावलं पुढं आले. पायात कुणाच्या तरी कुत्र्याची साखळी आली, अडखळले, सावरले. लोक हसायच्या तयारीत होते.

"बजरंग, तू आत्ता माझ्या म्होरं हाईस का बाजूला, ते मला तुझ्या आवाजावरनं कळतंय," ते म्हणाले. "तोंड दिसत न्हाई तुझं. ह्या घटकेला कुणाचंच दिसत न्हाई. लहानपणापास्नं दिवस मावळला की मी आंधळा. आता दिवसाबी कडा काळ्या पडायल्यात. तुझी आत्या, माझी आई, तीबी तशीच गेली. मी बायकोला भिऊन घरी येत न्हाई, म्हाळू. मी अंधाराला भिऊन येतोय."

म्हाळूनं त्यांच्या पायाजवळची साखळी उचलून बाजूला घेतली.

"डॉक्टर," मालकांनी विचारलं, "कुत्र्याचं आन् माझं एकच म्हणायचं का?"

डॉक्टर त्यांच्याजवळ गेले. "माणसांचा डॉक्टर नाही मी, आबा. पण वाट तीच आहे. दोन्हीकडून एकच रक्त आलं की हे वर येतं."

मग माझी जीभ सुटली. मी पायरीवरनं उतरले आणि मालकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"ऐकलंस, बजरंग? उत्तमचं लगीन हळदगीत हुणार न्हाई. शैला सोन्यासारखी पोरगी हाय, तिच्यात काडीची खोट न्हाई, आन् म्हणूनच हुणार न्हाई. तिच्या लेकरानं ट्रॉलीवर डोकं आपटलेलं मला बगायचं न्हाई."

"शब्द दिला होतास! पाळण्यापुढं!"

"दिला होता. चारचौघांत दिला, चारचौघांत मोडते. जा, सांग समद्यांना, हौसाक्का शब्दाची खोटी निघाली."

"आजपास्नं तुला माहेर न्हाई."

"माहेर द्यायला तू कोण? तू तर चिमणीची आईबी विसरला होतास."

तो गेला. फेटा त्यानं काढून सतरंजीवर टाकला आणि वजीरला ओढत गेला. वजीर त्याच्या पायाला अंग घासत चालला होता, उजेड कमी झाला की तो तसाच चालायचा. इतकी वर्षं बजरंगला वाटत होतं, कुत्र्याचा जीव आहे माझ्यावर. होताही.

इनामदार काकांनी विचारलं, "मंजूर?" या वेळी सगळ्यांनी आधी एकमेकांकडं पाहिलं. मग म्हाळूनं हात वर केला. म्हाळूनं! त्याच्यामागनं बाकीच्यांचे वर झाले.

पुढचं सांगून टाकते. नियम टिकला. कस्तुरीसाठी डॉक्टरांनी पार लातूरकडचा नर शोधला, ज्याच्या आईच्या आईचीही आम्ही चौकशी करून आलो. पिलं झाली, आणि त्यातलं प्रत्येक पिल्लू मी दिवेलागणीला अंगणात सोडून, भाकरीचा तुकडा टाकून पाहिलं. तुकडा कुठल्याच पिल्लानं चुकवला नाही. उत्तमनं आपल्या पसंतीनं तासगावकडची मुलगी केली. त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं. शैला पंढरपूरच्या पलीकडं दिली. तिची पोरं आता चांदण्यात क्रिकेट खेळतात म्हणे. बजरंगनं पुष्कळ वर्षं भाऊबीजेला माझ्या दारात पाय ठेवला नाही. मीही ताट घेऊन त्याच्या दारात गेले नाही. कुणाचा ताठा जास्त, हे बघायला दोघंही जिवंत आहोत. पण वजीरला त्यानं माळावर सोडलं नाही. ठार आंधळा झाला तरी त्याच दारात, त्याच भाकरीवर ठेवला, एवढं मला कळलं. ते मला पुरे.

पण मला सांगायचं होतं ते त्या संध्याकाळचं. सभा उठली, आणि देवळापासनं पालापर्यंत जायचं होतं. वाटेत ट्रॉल्या, खुंटे, पाळण्यांच्या दोऱ्या, चुलींचे दगड. असल्या वाटेवर मी नेहमी काय करायचे ते आता तुम्हाला कळलं असेल. पुढं चालायचं आणि बोलत राहायचं. डाव्या हाताला खड्डा आला की म्हाळूला शिव्या, उजवीकडं दगड आला की सरपंचाला. माझ्या बोलण्यावर ते पाय टाकत यायचे. गावाला वाटायचं, बाई नवऱ्याला घालूनपाडून बोलते. वाटू दे. माझ्या तोंडाची बदनामी झाली, पण त्यांना कुणी आंधळा म्हटलं नाही.

त्या दिवशी मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले, आणि मग माझं मलाच वाटलं, आता कशाला? मी हात पुढं केला आणि त्यांचा हात धरला. सगळ्या जत्रेसमोर, बायकामाणसांसमोर, व्याह्याविहिणींसमोर. आमच्याकडं नवराबायको असं चालत नाहीत. आम्ही चाललो. दोऱ्यांवरनं, दगडांवरनं, शेजारी शेजारी. मी एक शब्द बोलले नाही.

म्हाळू मागनं येत होता. बराच वेळ त्यानं कळ काढली, पण म्हाळू तो म्हाळूच.

"वैनी," तो म्हणाला, "आज तोंड बंद?"

"तोंड हाय तितंच हाय," मी म्हणाले. "आज त्याचं काम न्हाई."